गौरम्मांसाठी कोरलेला खळगा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. लातूरच्या एका दवाखान्याच्या ओसरीत असतो. माझ्या छातीत एक खळगा आहे आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो.

पूर्वी मी शिरूर अनंतपाळजवळ मोटेच्या विहिरीवरचा खांब होतो. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली आणि मी उन्हात पडून राहिलो. पुढे लातूर जिल्हा झाला. त्याच सुमारास डॉक्टर लिंबाजी परदेशातून कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणके मोकळे करण्याची विद्या, शिकून आले. गुंडप्पा सुताराने मला चिरून त्यांच्यासाठी बाक केला. पालथ्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून तोंडापाशी भोक पाडले.

"साऱ्या लातूर जिल्ह्यात असा बाक न्हाई," तो म्हणाला.

"जिल्हा होऊन आठच दिस झाले, गुंडप्पा!" डॉक्टर हसले.

मग गौरम्मा आल्या. कमरेतून टाचेपर्यंत कळ जायची. पोटरीला तेल चोळून चोळून त्या थकल्या होत्या. मांडी घालता येईना, म्हणून इष्टलिंगाची, म्हणजे गळ्यात डबीत बाळगलेल्या लिंगाची, रोजची पूजा उभ्यानेच चालली होती. तेच त्यांच्या जिवाला लागले होते.

डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला. "पाय लुळा पडतो? लघवी अडते?"

"न्हाई."

"मग मोठ्या दवाखान्याची गरज नाही. मावशी, पायाची नस कमरेत मणक्यापाशी दबलीय. दुखणं तिथं, ओरडतो पाय. पालथ्या झोपा."

गौरम्मांनी गळ्यातली चांदीची डबी घट्ट धरली. "लिंग अंगाखाली दाबू व्हय?"

"घटकाभर काढून ठेवा."

"जीव काढून ठेव म्हन की! तोंडाला भोक केलंस, माझ्या देवाला का न्हाई?"

डॉक्टर वरमले. गुंडप्पाला बोलावणे गेले. पटाशी छातीत शिरली तेव्हा वाटले, आता मी फुटणार. फुटलो नाही.

गौरम्मा पालथ्या झोपल्या. डबी खळग्यात अलगद राहिली. डॉक्टरांच्या तळहाताखाली कट्ट वाजले.

"मोडलं का रं?"

"न्हाई मावशी, सुटलं."

कळ एका दिवसात गेली नाही. दवाखान्याच्या फेऱ्या चालल्या, व्यायाम चालला, वाकून घागर उचलणे बंद झाले. कळ टाचेतून पोटरीत, पोटरीतून मांडीत मागे सरकत गेली.

आता आत लोखंडी टेबल आले आहे आणि मी ओसरीत आलो आहे. शेजारच्या शिकवणीची मुले माझ्यावर दप्तरे टाकून वाकून वाचत बसतात. मित्रांनो, अधूनमधून उठा, चाला. कमरेची हाक पायातून येण्याची वाट पाहू नका. आणि माझा खळगा कोणाला बुजवू देऊ नका.

कारण एका सकाळी गौरम्मा माझ्यावर चढून बसल्या, सावकाश मांडी घातली आणि डाव्या तळहातावर लिंग घेतले. पूजा होईपर्यंत डॉक्टर दाराबाहेर उभे होते.