पत्र्यावरची रील

सोरखा पावाला लोणी लावत होती. कॉनलला पुरून मंडळी नुकतीच घरी परतली होती. स्वयंपाकघरात ओल्या कोटांचा वास भरला होता. नवरा गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं. झोपेत अंगाखाली सापडलेल्या हातासारखी ती सगळीच बधिर झाली होती.

शेगडीपाशी म्हातारा मॅनस कॉनलनं रचलेल्या रीलची, त्या नाचाच्या धूनची, गोष्ट सांगत होता. आयर्लंडमधल्या डोनेगलच्या या कोपऱ्यात तिच्यावर नाचला नाही असा माणूस नव्हता.

"बटाटे काढायला स्कॉटलंडला गेलो होतो आम्ही. राहायला गोठा, वर पत्रा. एका रविवारी असा पाऊस लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. या पठ्ठ्यानं फिडल काढलं आणि त्या पत्र्याच्याच ठेक्यावर गज ओढायला लागला. मुकादम धावत आला, म्हणतो, गाय व्यायला लागली की काय?"

मंडळी हसली.

"सोरखा, आज ती वाजायला हवी. ये, बस."

"पाव राहिलेत."

"पाव काय पळून जातायत? ये गं."

तिनं हात पुसले आणि फिडल घेतलं. लग्न झाल्यापासून ती दोघं ही रील जोडीनं वाजवत. तो वरच्या सप्तकात, ती खालच्या. आज तिनं आपली खालची बाजू सुरू केली. एकही स्वर चुकला नाही, पण वर काहीच नव्हतं. मॅनसनं स्वतःचं फिडल हनुवटीखाली धरलं आणि न वाजवताच मांडीवर ठेवलं.

रील संपली. एक शेजारीण डोळे पुसू लागली. सोरखा तिच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिनं पुन्हा गज उचलला आणि कॉनलची वरची बाजू धरली.

दुसऱ्या भागात मॅनस हळूच म्हणाला, "इथला स्वर तो जरा चढा लावायचा."

"माहीत आहे. जन्मभर त्यावरूनच भांडले मी."

तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्या जागी आल्यावर बोट किंचित पुढे सरकवलं आणि त्याच्यासारखाच गजाला एक हिसका दिला.

त्यांची मुलगी रोशीन पाठमोरी उभी राहून कपबशा विसळत होती.

"बाबा, चहा गार होतोय," ती मागे न वळता म्हणाली.

रोशीनचे हात पाण्यातच थांबले. नळ वाहत राहिला.

सोरखाच्या बोटांना तार टोचत होती. कधीपासून टोचत होती कुणास ठाऊक. तिनं गज थांबवला नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला परत जाऊन तिनं तो स्वर पुन्हा चढाच लावला.