माझ्या पोटातलं बिऱ्हाड

मित्रांनो, साकीनाक्याला कापड रंगवायच्या एका गाळ्यात मागच्या मोरीजवळ जो जुना निळा ड्रम उभा आहे, तो मी. पूर्वी माझ्यातून रंगाचं रसायन यायचं. ते संपलं आणि मला भंगारात द्यायचं ठरलं. पण गार्गी नावाच्या केमिस्ट मुलीने मला मागून घेतलं, गटारातला काळा चिखल माझ्या पोटात भरला, वर गुळाचं पाणी घातलं.

"यात जिवाणू आहेत. रंगाच्या पाण्यातच वाढलेत, रंग फोडून खातात," ती म्हणाली.

रंगमास्तर शरच्चंद्र हसले. "खातात? मग चहापण विचार ना त्यांना! मूठभर ब्लीचिंग टाकलं की तुझे पाहुणे खल्लास."

खरं सांगतो, संशय मलाही होता. पण महिन्याभरात माझ्यात सोडलेलं गाळ्यातलं लालभडक सांडपाणी फिकं पिवळसर होऊन बाहेर पडू लागलं. झाडलोट करणाऱ्या द्रौपदीबाई मोबाईलवर कीर्तन लावून काम करत. बुवांचा तो खडा आवाज, टाळांचा नाद, आणि पोटात हे शांत बिऱ्हाड. मी अगदी तृप्त होतो.

मालक धवलशेठ म्हणाले, "दसऱ्यानंतर प्रदूषण मंडळाची तपासणी आहे. पाणी साफ निघालं तर असे दहा ड्रम लावू. नाहीतर हा भंगारात."

दसऱ्याची सुट्टी संपली. पाणी सोडलं, आणि माझ्यातून ते जसंच्या तसं लाल बाहेर आलं! तपासणी आठ दिवसांवर. गार्गीने वाकून वास घेतला. ब्लीचिंग पावडर! तिने मान वळवली.

"माझ्याकडे काय बघतेस गं?" मास्तर भडकले.

"मूठभर ब्लीचिंग कोण म्हणालं होतं?"

"अगं, मस्करी होती ती! शेठना विचार, सुट्टीत गाळ्याची चावी त्यांच्याकडे असते."

"म्हणजे मी माझीच वाट लावेन?" शेठ ओरडले.

जो तो दुसऱ्याकडे चोरासारखं बघू लागला. मला सगळं ठाऊक होतं. तोंड एवढं मोठं, पण जीभ नाही! माझ्या गळ्यात झेंडूची माळ सुकत होती. तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

तेवढ्यात द्रौपदीबाई फडकं घेऊन आल्या. "मास्तरांना कशाला बोलता? ड्रम मी घासलाय, ब्लीचिंग लावून. खंडेनवमीला सगळी अवजारं धुऊन पुजली. हा बिचारा एवढा राबतो, त्यालाच घाणीसकट माळ घालू? बुवा सांगतात, देव बसवायची जागा आधी आतून स्वच्छ करा."

गार्गी झटकन पुढे झाली. "आणि आतला चिखल?"

"टाकला नाही गो बाय. गुळाचा वास येत होता. खाण्याची वस्तू मोरीत कशी ओतू? बादलीत झाकून जिन्याखाली ठेवलाय."

बादली मास्तरांनीच उचलून आणली. गार्गी पुटपुटली, "मास्तर, सॉरी."

"सॉरी राहू दे. आधी पाहुण्यांना गूळ दे."

मला चार वेळा साध्या पाण्याने धुतलं आणि बिऱ्हाड परत आत आलं. सात दिवस पाणी लालच. आठव्या दिवशी, तपासणीची माणसं दारात असताना, ते फिकं पिवळसर निघालं. द्रौपदीबाईंनी डोळे मिटून हात जोडले. आता भंगाराचं नाव कोणी काढत नाही, आणि माझ्या अंगावर त्यांच्याच अक्षरात खडूने लिहिलंय: 'आत जीव आहेत. घासू नये.'

मित्रांनो, कुणाला मायेने घासायला घ्याल, तेव्हा आत कोण राहतं ते आधी विचारा. आणि कुणाकडे बोट दाखवण्याआधी ड्रमच्या गळ्यातली माळ तरी बघा.