दातात धरलेली काठी

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. भैंसा गावच्या कचेरीतले पेशकार उद्धवराव यांनी एक जुनी मोटार घेतली होती आणि ती म्हणजे बडा घर पोकळ वासा. बाहेरून लख्ख, आणि बॉनेटखाली खडखडाट. कापसाच्या जिनिंगच्या मागे महिपत मिस्त्रीची शेड होती. ड्रायव्हर व्यंकटेशनं गाडी तिथं आणून उभी केली आणि तोंडातून अवाक्षर न काढता डाव्या तळव्यावर उजवी मूठ आपटून दाखवली. इंजिन ठोकतंय, एवढं महिपतला कळलं.

त्याच्याशी सगळे असेच हातवाऱ्यांनी बोलायचे. दोन वर्षांपूर्वी तापात त्याचे कान वाहिले आणि कायमचे गेले. सुरुवातीला तो बोलायचा. पण बाजारात लोकांनी विचारायचं एक आणि यानं सांगायचं भलतंच. लोक पोट धरून हसायचे. माणूस आधीच मानी. त्यानं बोलणंच सोडलं. समोरच्याचे ओठ हलले की मान डोलवायची आणि मोकळं व्हायचं.

घरातही तेच. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी आला की तो "सोजर!" म्हणून बायकोला हाक द्यायचा. शेजारणी तिला चिडवायच्या, "आला वो तुमचा भोंगा!" ती हाकही बंद झाली. पुढं सोजरबाई आजारली. शेवटच्या दुपारी तिनं त्याचं मनगट धरून काहीतरी म्हटलं. यानं मान डोलावली. तिनं पुन्हा म्हटलं, यानं पुन्हा डोलावली. उशाशी बसलेली शेजारीण मथुराबाई स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवायला लागली, तेव्हा हा धावत पाणी आणायला गेला. तांब्या घेऊन परत येईतो सोजर गेली होती.

ती काय म्हणाली? या एका प्रश्नानं वर्षभर त्याला झोप नव्हती. मथुराबाईनं हातवारे करून करून पाहिले, याला काही उमजेना. अक्षरओळख दोघांनाही नव्हती.

तर गाडी. पूर्वी महिपत सागवानी काठीचं एक टोक इंजिनला लावायचा, दुसरं कानाला, आणि दुखणं नेमकं कुठं आहे ते ओळखायचा. आता कानाचा उपयोग नव्हता. हात ठेवावा तर सगळं इंजिनच थरथरत होतं. तरी सवयीनं त्यानं काठी टेकवली. मग एका हातानं रेस द्यायची, दुसऱ्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवून एकेक प्लग बंद करायचा; ज्याला ठोका थांबेल तिथंच दुखणं. काठीला तिसरा हात आणायचा कुठून? त्यानं ती दातात धरली.

ठक!

ठोका थेट डोक्यात वाजला. महिपत असा दचकला की काठी खाली पडली. त्यानं ती उचलून पुन्हा दातात धरली. पुन्हा ठक, ठक. पहिला प्लग बंद केला, ठोका तसाच. दुसरा, तसाच. तिसऱ्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि ठोका मावळला. म्हणजे तिसऱ्या पिस्टनच्या दांड्याचं बेरिंग ढिलं झालं होतं. त्यानं खालचं तेलाचं भांडं उतरवलं, बेरिंगच्या टोपीतली एक पातळ पत्री काढली, बोल्ट आवळले, तेल भरलं. आता काठीतून नुसती गुरगुर येत होती. व्यंकटेशनं खूश होऊन हात जोडले. महिपतचं तिकडं लक्षच नव्हतं. तो काठीकडे बघत होता.

हातही न धुता तो निघाला.

मथुराबाई अंगणात वांगी निवडत बसली होती. त्यानं काठीचं टोक तिच्यापुढं धरलं आणि कैक दिवसांनी शब्द काढला.

"वैनी, हे दातात धरा. सोजर काय म्हने, ते सांगा."

भाऊजींना वेड लागलं, हे तिच्या चेहऱ्यावर न ऐकताही दिसलं. पण तिनं पदरानं टोक पुसलं आणि दातात धरलं. दुसरं टोक त्याच्या दातात होतं. आधी नुसतं गुणगुणल्यासारखं वाटलं, मग दाट, अडखळते शब्द आले.

"भाऊजी, येते का ऐकू?"

दोन वर्षांनी दुसऱ्या माणसाचा आवाज. महिपतचे डोळे भरून आले. त्यानं मान डोलावली, मग घाईघाईनं म्हणाला, "येते, येते. सांगा."

"सोजर म्हने, मले एकदा हाक मारा. तुमी मान डोलावली. सोजर वाट पाहून राह्यली. पुन्ना म्हने, मारा ना. तुमी पुन्ना मान डोलावली अन् उगेच बसले. म्हनून मी तोंड दाखोलं, बोला म्हून. तर तुमी पानी आनाले गेले."

काठी त्याच्या दातांतून निसटली. कान गेले होते. जीभ तर धडधाकट होती. तिनं मागून काय मागितलं, तर तेवढंच, आणि तेवढंही त्याच्यानं झालं नव्हतं.

तो गल्लीच्या तोंडाशी गेला. पूर्वी जिथं थांबायचा तिथंच थांबला.

"सोजर!"

स्वतःचा आवाज त्याला डोक्याच्या आत स्वच्छ ऐकू आला. तो ऐकू येणं तर कधी बंदच झालं नव्हतं.

शेजारणी दारात आल्या. त्या काही म्हणाल्या असतील, त्याला ऐकू आलं नाही. तो चालत घरापाशी गेला आणि कडी काढली.