एकेकाने थांबायचं

खिडकीला काच बसवताना ती निसटली आणि माझ्या डाव्या मनगटातली नस कापली गेली, बोटं बधिर झाली. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, "हालचाल करत राहा, बोटं परत येतील." किती येतील ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

म्हणून धाकट्या बहिणीने मला गिटारच्या कार्यशाळेत ओढत नेलं. एके काळी तिला गिटार मीच शिकवली होती. आता तीच माझं बखोट धरून नेत होती. शिकवणीच्या वर्गाची खोली, घडीच्या खुर्च्या आणि आम्ही चौघं. दातांच्या डॉक्टरीणबाई गाण्याची चाल वाजवत, निवृत्त पोस्टमन मधल्या तारा छेडत, बहीण कॉर्ड धरायची आणि माझ्याकडे जाड तारांवरचे खालचे सूर. शिकवणारे सर माझ्या मुलाच्या वयाचे. मला काका म्हणायचे. मला काका म्हटलेलं खपत नाही, पण माणसाचा कान तयार होता, म्हणून गप्प बसलो.

सर एकच गाणं चौघांत वाटून फळ्यावर लिहायचे. माझ्या वाट्याला एक उतरती ओळ होती आणि तिला करंगळी लागायची. घरी करंगळीखाली तार नुसती थप्प वाजायची. वर्गात मात्र सगळ्यांबरोबर तोच सूर स्वच्छ ऐकू यायचा.

"वर्गात वाजते," मी बायकोला म्हणालो. "घरी तुझ्या धाकाने वाजत नसेल."

ती कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. मग काय, मला चेव चढला. दुसऱ्याच दिवशी मी कामाला होतो त्या काचेच्या दुकानात जाऊन मालकांना सांगितलं, पुढच्या महिन्यापासून मोठ्या काचा मीच धरीन.

त्याच आठवड्यात सर म्हणाले, "आज एकेकाने थांबायचं. बाकीच्यांनी वाजवत राहायचं. कोण गेलं की काय जातं, ते ऐका."

डॉक्टरीणबाई थांबल्या आणि चालच नाहीशी झाली. पोस्टमन थांबले, तर गाणं पार खिळखिळं झालं. मग माझी पाळी आली. मी हात उचलला.

काहीच गेलं नाही.

खालचे सूर चालूच होते. उतरती ओळ आली, तिच्यातला करंगळीचा सूरही आला, अगदी खणखणीत. मी बहिणीकडे पाहिलं. तिची बोटं कॉर्ड छेडत होती आणि अंगठा जाड तारांवर माझी ओळ वाजवत होता. तिच्या हाताला सवयच लागली होती. आज माझ्याबरोबर अंगठाही थांबवायला हवा, हे तिला सुचलंच नाही. माझी नजर जाणवली तसा तिचा अंगठा थांबला आणि मग सगळेच थांबले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून."

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

सर गिटारच्या खुंट्या पिळत बसले. "ताईंनी विनंती केली होती, काका."

"सांगितलं असतं तर तू गिटार माळ्यावर टाकली असतीस," बहीण म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, दादा."

"अगं, मूठ माझी आहे! मला तरी उघडून बघू दे!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की पोस्टमन दचकले. संताप होताच, पण लाज त्याहून मोठी होती. मालकांपुढे छाती काढून उभा राहिलेला मी मला दिसत होतो. त्या भरवशावर काच उचलली असती, तर खाली उभ्या असलेल्या कुणाच्या तरी डोक्यावर गेली असती.

"आता तू वाजवू नकोस," मी तिला म्हणालो. "बाकीचे वाजवा."

उतरत्या ओळीला थप्प झालं. पुन्हा वाजवलं, पुन्हा थप्प. डॉक्टरीणबाई खाली बघत राहिल्या.

सर उठून फळ्यापाशी गेले. "काका, कुठली बोटं नक्की चालतात?"

हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मी तारेवर एकेक बोट दाबून पाहिलं. उत्तर मला ठाऊक होतं, तरी वेळ काढत होतो.

"दादा, होईल रे हळूहळू," बहीण म्हणाली.

"नाही होणार. अंगठ्याजवळची दोन चालतात. बाकीची दोन गेली."

बहिणीने तोंडावर हात घेतला.

"मग दोन बोटांचंच लिहू," सर म्हणाले. चांगलं वाजेल, असं काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी डस्टर घेतलं आणि माझी ओळ पुसायला लागले. ती पुसली जाताना मला रडू फुटलं, आणि चारचौघांसमोर मी रडलो.