झाऱ्यावरचा हात

बाबांनी बटाट्याचा पहिला काप मायक्रोमीटरमध्ये धरला आणि माझं डोकंच फिरलं.

"बाबा, बटाटा आहे तो! लोखंड नाही!"

ऐकू येईल तर शपथ. पस्तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवून त्यांचे दोन्ही कान गेलेत, आणि कानात घालायचं यंत्र ते कपाटात जपून ठेवतात. त्यांनी शांतपणे आकडा वाचला, काप बाजूला सारला आणि म्हणाले, "जाड आहे."

आतल्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. नऊ दिवस दोन-चार चमचे दुधापलीकडे तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. औषधांनी तोंडाची चवच मारून टाकली होती. डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं, वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही. डोस नाही दिला तर काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आणि आज सकाळी ती आपणहून म्हणाली, "वेफर्स असते तर खाल्ले असते एखाद-दोन." मी पर्स उचलून दुकानात निघाले, तर मागून आवाज, "विकतचे नकोत. घरचे."

आता घरचे म्हणजे तिच्याच हातचे. मी जन्मात केले नव्हते, आणि बाबांना तर साखरेचा डबा कुठे असतो तेही ठाऊक नाही. तरी "मी करतो" म्हणून उभे राहिले.

पहिला घाणा निघाला. काप सगळे एकसारखे, केसाचा फरक नाही. आणि कढईतून बाहेर आले ते काळपट, मऊ, एकमेकांना चिकटलेले. मी गॅसवर, तेलावर, बाबांवर, सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. "झालं समाधान? तीनच बटाटे उरलेत आता!" शब्द कळले नसतील, पण माझा चेहरा त्यांना चांगला वाचता येतो. त्यांनी त्यातला एक वेफर तोंडात टाकला आणि खाली बघत चावत राहिले. मला माझीच लाज वाटली.

आईपाशी गेले. डोळे न उघडता तिने विचारलं, "धुतले होते का?"

"बटाटे? हो की."

"काप गं, काप. पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायचे. मग फडक्यावर कोरडे करायचे. मीठ पाण्यात विरघळवून ते उकळत्या तेलात सोडायचं."

"तेलात पाणी? घर पेटवायचंय का आई?"

"चमचाभर. घाबरट कुठली! आणि तेलाचा आवाज बसला की लगेच काढायचे." एवढं बोलली आणि तिला धाप लागली.

मी सगळं वहीच्या पानावर लिहून बाबांपुढे धरलं. पाचव्या पाण्याला पातेल्याच्या तळाची नक्षी दिसली. काप फडक्यावर पसरले, टिपले. तेल तापलं. झारा मी घेतला, कारण आवाजाचं काम बहिऱ्याकडे कसं देणार? तर बाबांनी तो माझ्या हातातून चक्क काढून घेतला.

काप तेलात पडले. मागोमाग मिठाच्या पाण्याचा चमचा. तेल असं काही उसळलं की मी दारापर्यंत मागे पळाले. बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी झारा कापांवर नुसता टेकवला, दांड्यावर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

"अजून पाणी आहे आत," ते म्हणाले.

मी दारातूनच तडतडीकडे कान लावला.

"उतरतंय... उतरतंय... आता!"

त्यांनी झारा कापांखाली घालून ते वर उचलले, आणि त्यानंतर कुठे माझ्या कानाला कळलं की तडतड बसली. नंतर! दोन धडधाकट कान असून मी मागे पडले होते.

"थरथर कमी होते," ते म्हणाले. "लेथवरही असंच. हाताला आधी कळतं."

इतकी वर्षं मी या माणसावर ओरडत आले. मला वाटायचं, याला काही कळतच नाही. आणि हा उकळत्या तेलात बटाट्याचं पाणी कधी संपतं ते बोटांनी सांगत होता. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, खरंच.

ताटलीत पडताना वेफर्स खळखळले. एक उचलून उजेडात धरला, तर पलीकडे खिडकीचे गज दिसत होते.

"तू ने," बाबा म्हणाले. "मी इथेच थांबतो." तरी माझ्या मागोमाग आईच्या खोलीच्या उंबरठ्याशी येऊन उभे राहिले, पण आत पाय टाकेनात. हात मात्र पंचाला पुसत होते, पुसतच होते.

आईला उशीला टेकवून बसवलं. तिने एक वेफर घेतला, उलटसुलट पाहिला, तोंडात घातला. कुर्रकन आवाज झाला. मग ती कितीतरी वेळ चावत राहिली. आता थुंकणार, असं वाटून मी वाटी पुढे केली. तिने ती हाताने बाजूला सारली. गिळलं.

"खाल्ला का?" बाबांनी दारातून मोठ्याने विचारलं.

मी त्यांच्याकडे वळले. मी एक बोट वर केलं. आईचा हात पुन्हा ताटलीकडे गेला. मी दुसरं केलं. तिसऱ्या बोटाला बाबा उंबरठ्यावर मटकन खालीच बसले.

"मीठ कमी पडलंय," आई म्हणाली. "सांग त्यांना." आणि तिने आणखी एक उचलला.

मी ते काही सांगितलं नाही. चौथं बोट वर केलं.