कमरेकडे बघ

चर्चच्या पहिल्या बाकावर रॉय पेटिग्रू मान खाली घालून बसला होता. बघणाऱ्याला वाटावं, माणूस प्रार्थनेत बुडालाय. खरं तर त्याचा सगळा जीव कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या मोबाईलमध्ये अडकला होता. घंटी बंद करून त्याने तो नुसता थरथरता ठेवला होता आणि वरून कोट ओढून घेतला होता.

पेटिग्रू म्हणजे नॉर्थ बेंड कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच. बावीस वर्षं त्याने या धंद्यात घासली होती. आधी कोणाकोणाच्या हाताखाली, मग असल्या लहानसहान कॉलेजांत, जिथे मैदानावरचं गवतही कोचलाच कापावं लागतं. आणि आता कधी नव्हे ते एका मोठ्या विद्यापीठाच्या क्रीडासंचालकाने त्याला हेरलं होतं. तिथला कोच ऐन जानेवारीत व्यावसायिक संघाकडे पळाला होता. "रविवारी दुपारपर्यंत फोन करतो," संचालकाने बजावलं होतं. "उचलला नाहीस तर पुढच्याला लावीन. आणि बातमी फुटली, तर मी तुला ओळखत नाही."

मग हा गृहस्थ त्या रविवारी मिसिसिपीतल्या बेथेल गावात काय करत होता? तर केंड्रेलला गळाला लावायला आला होता. बारावीतला केंड्रेल बचावफळीच्या मधोमध उभा राहायचा आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला असा पाडायचा, की तो उठताना आधी स्वतःचं नाव आठवून बघायचा. येत्या बुधवारी देशभरची पोरं कॉलेजांच्या करारांवर सह्या करणार होती. सही झाली की पोरगा त्या कॉलेजला बांधला. दुसरीकडे जायचं तर वर्षभर खेळ बंद. कोचला मात्र असलं बंधन नाही, तो बुधवारी सही घेऊन गुरुवारी गाव सोडू शकतो. पेटिग्रूने असा विचार केला होता की मोठी नोकरी लागली तर उत्तमच, नाही लागली तर केंड्रेल हाताशी. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. पुंगीला काय वाटतं ते कोण विचारतो?

वाईटात वाईट म्हणजे पोरगा त्याला मनापासून आवडला होता. मागच्या खेपेला शाळेच्या मैदानावर त्याने स्वतः चेंडू बगलेत मारून पोराला शिकवलं होतं. "माझ्या डोळ्यांकडे बघू नकोस. डोळे फसवतात, खांदे फसवतात. कमरेकडे बघ. कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो." दोनदा चुकून तिसऱ्यांदा केंड्रेलने त्याला चिखलात आडवा केला, तेव्हा दोघं पोट धरून हसले होते.

केंड्रेलला लहानाचं मोठं केलं ते व्हर्लीनमावशीने. तिचा थोरला मुलगा लामॉन्टही असाच खेळायचा. त्यालाही एक गोडबोल्या कोच घेऊन गेला आणि दोन महिन्यांत स्वतःच दुसरीकडे निघून गेला. नव्या कोचने आपली पोरं आणली. लामॉन्ट घरी आला, तो आता कोंबड्यांच्या कारखान्यात आहे. म्हणून मावशीने अट घातली होती. "माझ्या सोफ्यावर बसून कोणीही काहीही बोलतं, कोच. जिभेला काय हाड असतं? रविवारी चर्चला या. आमच्या माणसांसमोर, देवासमोर बोला. मग मी पालक म्हणून सही करते."

गाणं संपलं. चर्चचे पाद्री रेव्हरंड गेन्स यांनी घाम पुसला आणि पहिल्या बाकाकडे पाहिलं.

"आज पाहुणे आलेत. उठा कोच, दिसू द्या जरा."

पेटिग्रू उठला.

"मागे एक आले होते," मागून एक म्हातारी म्हणाली. "असाच निळा कोट होता."

"कोट तोच असेल गं, माणूस बदलला!" दुसरी म्हणाली, आणि सगळं चर्च हसलं. मावशी हसली नाही. ती टक लावून त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"या मुलात देवाने खूप काही घातलंय," पेटिग्रूने सुरुवात केली. "माझ्याकडे जे जे आहे ते मी त्याला देईन."

"ते झालं," रेव्हरंड म्हणाले. "व्हर्लीनताईंचा प्रश्न साधा आहे. तुम्ही तिथे असाल का? चारही वर्षं?"

नेमका त्याच वेळी फोन थरथरला.

बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो फोन कोटाखाली गुरगुरत होता, आणि दोनशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. खरं बोलावं तर बातमी फुटणार, नोकरी गेली. गप्प बसावं तर पोरगा गेला. त्याचा हात आपोआप कमरेशी गेला आणि फोनवर घट्ट बसला. डोळे मात्र त्याने मावशीच्या डोळ्यांवरून हलू दिले नाहीत.

"असेन," तो म्हणाला. "चारही वर्षं."

"आमेन!" मावशी ताडकन उभी राहिली. तिच्या मागून सगळं चर्च उठलं. टाळ्या, गाणं, पेटीवाल्याचा जोर. त्या गदारोळात फोन गप्प झाला. पेटिग्रूला दरदरून घाम फुटला, आणि शेजारची बाई प्रेमाने म्हणाली, "देव अंगात आला की असंच होतं हो."

जेवायला मावशीकडे. तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याची गरम भाकरी. मावशी आज दुसरीच बाई झाली होती, हसत होती, वाढत होती. पेटिग्रू नुसता भाकरीचे तुकडे करत बसला होता. इतक्यात पट्ट्याशी पुन्हा थरथर सुरू झाली.

"घ्या ना, कोच," केंड्रेल ताटातून मान वर न काढता म्हणाला. "थांबलेत ते."

पेटिग्रू ओसरीवर गेला.

"मगाशी का उचलला नाहीस?" संचालक खेकसला. "पुढच्याचा नंबर काढून बसलो होतो."

"चर्चमध्ये होतो."

"वा! असाच देवमाणूस हवा होता आम्हाला. बोल, येतोस?"

"येतो," पेटिग्रू म्हणाला. या एका शब्दाने ऊर भरून येईल असं त्याला कायम वाटायचं. आता तो त्याने दाराकडे बघत, दबक्या आवाजात उच्चारला होता.

फोन ठेवून वळला तर दारात केंड्रेल.

"लागली?"

"काय लागली?"

"नोकरी. मावशी तुमच्या डोळ्यांकडे बघत होती, कोच. मी तुम्ही शिकवलं तिकडे बघत होतो."

पेटिग्रूला लाज वाटली, इतकी की पोराच्या तोंडाकडे बघवेना. "मावशीला..." तो पुटपुटला, "तू जरा समजावून..."

"मी नाही. चर्चमध्ये उभं राहून बोललात ना? आता स्वयंपाकघरात बसून बोला."

आतून मावशीची हाक आली. "अहो कोच, गार होतंय! मोठा तुकडा राखलाय तुमच्यासाठी. आणि येताना गाडीतले ते कराराचे कागद घेऊन या, जेवण झालं की माझी सही करून टाकते, पोराची बुधवारी!"

गाडी समोर अंगणातच होती. किल्ली खिशात होती. पेटिग्रूने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

केंड्रेल ओसरीच्या पायऱ्यांवर येऊन मधोमध उभा राहिला, गुडघे किंचित वाकवून. तो पेटिग्रूच्या कमरेकडे बघत होता.