बगलेतला चेंडू

ऑगस्टचा दुसरा आठवडा आला की हॅलोरन गावात माझा भाव वधारतो. एरवी मला कोणी विचारत नाही. एकतीस वर्षं मी इथल्या साप्ताहिकात खेळाचं पान लिहिते आहे, आणि त्यातलं लोक मन लावून वाचतात ते वर्षातून एकदाच. हंगाम सुरू होण्याआधी कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या रनिंग बॅकवर, म्हणजे लंबगोल चेंडू बगलेत घेऊन पळणाऱ्या पोरांवर मी लिहिते तेव्हा. कोण पहिला, कोण दुसरा, कोणाकडून काय अपेक्षा. ते पान घरोघरी फ्रिजवर चिकटवलं जातं, आणि अंदाज चुकला की हंगामाअखेर नोव्हेंबरात मला आणून दाखवलं जातं.

यंदा पोरं तीन. ब्रेकन होल्म हा मोठ्या कॉलेजातून आलेला. पळतो असा की बघत राहावं, पण पुढची वाट मोकळी व्हायच्या आत निघतो आणि आपल्याच माणसाच्या पाठीवर आदळतो. सायलस वीझर अंगाने दांडगा. दोन यार्ड मागा, दोन देईल, सात मागू नयेत. आणि तिसरा टॅव्हियन रस्क.

टॅव्हियनचं नाव लिहिताना मला विचार करावा लागत नाही, कारण त्याच्या नावाआधीचं वाक्य माझ्या बोटांना पाठ झालं आहे: 'गेल्या वर्षी शेवटच्या यार्डावर चेंडू सांडणारा'. कोल्टर कॉलेजशी सामना होता. बारा वर्षांनी चषक आमच्याकडे यायचा होता. नऊ सेकंद उरले होते आणि जिंकायला ओलांडायची रेषा एका यार्डावर. चेंडू टॅव्हियनच्या हातातून निसटला, कोल्टरच्या पोराने त्यावर अंग टाकलं, आणि खेळ खलास. मी मथळा दिला, 'हातातोंडाशी आलेला घास सांडला'. खरं सांगते, तो मथळा सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते. गावालाही आवडला. आठवड्याभरात पोराचं नावच 'घास' पडलं.

त्यानंतर तो जिथे जाई तिथे बगलेत चेंडू. आमच्या कोचचा जुना नियम आहे. सामन्यात चेंडू सांडला की एक आठवडा तो खाली ठेवायचा नाही. वर्गात, जेवताना, चर्चमध्ये, सगळीकडे बरोबर. गावातल्या कोणीही येता-जाता त्यावर फटका मारायचा, आणि पडला तर आठवडा पुन्हा पहिल्यापासून. हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि सगळं गाव ते आनंदाने करतं. पोस्टातल्या बाईसुद्धा काउंटरवरून वाकून हात मारतात.

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी डोरीनच्या खानावळीत मी कॉफी घेत होते. टॅव्हियन आला, उजव्या बगलेत चेंडू घट्ट धरून डाव्या हाताने पॅनकेक कापायला लागला. डोरीनने मागून येऊन उलथन्याने चेंडूवर सपकन वार केला. चेंडू जागचा हलला नाही.

"हात दुखत नाही का रे मेल्या?" डोरीनने विचारलं.

"उलथनं बदला, मिसेस क्लाइन. याला जोर नाही."

"घास बरा गिळतोय आज," कोपऱ्यातून म्हातारा वर्नन म्हणाला आणि त्याच्या टेबलावरचे तिघे हसले. टॅव्हियनही हसला. मग ताटली उचलून माझ्यासमोर येऊन बसला.

"मिसेस व्होपाट, एक विचारू?"

"पहिला कोण ते विचारू नकोस. शनिवारच्या सरावसामन्याआधी मी कोणालाच सांगत नाही."

"ते नाही. यंदाच्या पानात ते वाक्य असणार का?"

कोणतं, असं मी विचारलं नाही. "जे घडलं ते घडलं," मी म्हटलं. "मी बातमीदार आहे, पोरा. तुझी मावशी नाही."

"घडलं ना. मी कुठे नाही म्हणतोय. पण सायलसनेही दोन वर्षांपूर्वी चेंडू टाकला होता. त्याच्या नावाआधी ते कधीच नसतं." तो शांतपणे बोलत होता, तक्रार केल्यासारखा नव्हे. "मार्चमध्ये मी लायब्ररीत मुलांना पुस्तक वाचून दाखवलं, त्या बातमीतही होतं."

कोंडीत सापडले की मी खेकसते, हा माझा जन्माचा स्वभाव आहे. "पॅनकेक गार होतायत," मी म्हटलं आणि निघाले.

ऑफिसात येऊन जुने अंक काढले. तेवीस वेळा. नोव्हेंबरपासून टॅव्हियन रस्कचं नाव मी तेवीस वेळा लिहिलं होतं आणि तेवीसही वेळा ते वाक्य पुढे चालत होतं. त्यातल्या एका बातमीत तर तो नुसता रक्तदानाच्या रांगेत उभा होता. मला माझी लाज वाटली. पण लाज वाटणं आणि सवय सुटणं यांत बरंच अंतर असतं.

दुपारी मैदानावर गेले. रनिंग बॅकचे कोच ऑरिन पेटवे सावलीत उभे राहून पोरांच्या पायांकडे बघत होते. ऑरिन आणि मी एकाच वर्षी हॅलोरनमध्ये कामाला लागलो, त्यामुळे आमच्यात मानपान नाही.

"ऑरिन, नऊ महिने झाले. पोराला अजून चेंडू घेऊन फिरवतोस. जरा अति नाही होत?"

"मी फिरवतोय?" ऑरिनने टोपी मागे सरकवली. "मी एक आठवडा सांगितला होता. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच संपला तो."

"मग मधे पडला असेल."

"एकदाही नाही."

"मग का घेऊन फिरतो?"

"तू बातमीदार ना? त्याला विचार." आणि शिट्टी वाजवून तो ब्रेकनवर ओरडायला गेला.

शनिवारी सकाळी सरावसामन्याला अर्धं गाव आलं होतं. आपलेच खेळाडू दोन बाजूंना, तरी लोक घोंगड्या, थर्मास घेऊन तासभर आधी जागा धरतात. ब्रेकनने एकदा चाळीस यार्ड मारले आणि चारदा आपल्याच माणसांवर धडकला. सायलसने दोन-दोन यार्ड पदरात टाकले. टॅव्हियन मात्र चेंडू हातात आल्यावर अर्धा श्वास थांबायचा. पुढची दांडगी पोरं समोरच्यांना ढकलून फट करायची आणि मग हा त्यातून जायचा, एकदा आठ यार्ड, एकदा अकरा. ते थांबणं शिकवून येत नाही. एकतीस वर्षांत मी ते तीन-चार पोरांतच पाहिलंय.

शेवटी ऑरिनने चेंडू रेषेपासून एका यार्डावर ठेवला आणि टॅव्हियनला बोलावलं. सगळा स्टँड पुढे सरकून बसला. हा तोच यार्ड आहे हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

टॅव्हियनला चेंडू मिळाला. या वेळी फट झालीच नाही. तो गेला तो सरळ समोरच्या पोरांच्या भिंतीवर, पाच जण त्याच्या अंगावर पडले, आणि ढिगाखालून त्याचे फक्त बूट दिसत राहिले. पोरं एकेक करून उठली. टॅव्हियन सगळ्यात खाली होता, रेषेच्या वीतभर अलीकडे.

"नाही पोचला," वर्नन म्हणाला.

"मेल्या, चेंडू बघ की," डोरीन म्हणाली.

चेंडू त्याच्या पोटाशी होता. दोन्ही हातांची मिठी इतकी घट्ट की ऑरिनला येऊन दोनदा सांगावं लागलं, सोड आता. मग ऑरिनने चेंडू पुन्हा तिथेच ठेवला, पुन्हा त्यालाच दिला, आणि या खेपेला तो रेषेपलीकडे गेला. टाळ्या पडल्या, पण बेताच्याच.

सामना संपल्यावर मी त्याला पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं. खेळातला चेंडू परत करून त्याने स्वतःचा बगलेत मारला होता.

"कोच म्हणतात तुझा आठवडा नोव्हेंबरातच संपला. मग हे काय?"

त्याने पेला भरून घेतला. "ठेवला होता मी खाली. आठव्या दिवशी."

"मग?"

"किराणा दुकानात गेलो. कोणी बोललंच नाही माझ्याशी. लोक मला बघून दुसऱ्या रांगेत जायला लागले. डोरीनबाईंनी ताटली ठेवली आणि वळल्या." त्याने खांदे उडवले. "चेंडू असला की निदान फटका मारायला तरी जवळ येतात. हसतात. म्हटलं, राहू दे."

मी वही मिटली.

"आईला मी सामन्यांना येऊ नको म्हटलंय," तो म्हणाला. "ओमाहाहून दोन तास गाडी चालवून यायचं आणि स्टँडमध्ये बसून लोकांचं ऐकायचं. कशाला?"

त्या दुपारी मी पान लिहायला बसले. त्याच्या नावाशी आले आणि बोटांनी ते वाक्य आपोआप उमटवलं. मी खोडलं. मग वाटलं, हे लपवणं झालं का? परत घातलं. मग विचार केला, ज्या पोराने नऊ महिने एकदाही चेंडू पडू दिला नाही त्याची बातमी नेमकी कोणती? खोडलं ते खोडलं. पहिल्या क्रमांकावर लिहिलं: 'टॅव्हियन रस्क, चौथं वर्ष. थांबतो, बघतो, मग जातो. या संघात चेंडू सर्वांत घट्ट धरणारा हाच.'

बुधवारी अंक आला. सकाळी खानावळीत गेले तेव्हा वर्नन पान वाचून दाखवत होता आणि ब्रेकनला दुसरा ठेवल्याबद्दल मला नावं ठेवत होता. मी म्हटलं, नोव्हेंबरात भेटू. तेवढ्यात टॅव्हियन आला. काउंटरवरचा अंक उचलून उभ्या उभ्याच वाचला. एकदा, मग परत पहिल्यापासून. मग माझ्याकडे आला.

"घ्या," तो म्हणाला आणि चेंडू माझ्याकडे टाकला. अगदी अलगद.

माझ्या एका हातात कॉफी होती, दुसऱ्यात चष्मा. तो लंबगोल चेंडू माझ्या छातीवर आपटला, टेबलावर पडला, साखरेचं भांडं घेऊन जमिनीवर गेला आणि थेट वर्ननच्या बुटाशी जाऊन थांबला.

टॅव्हियनने वाकून चेंडू उचलला, साखर झटकली आणि माझ्या बगलेत नीट बसवून दिला.

"नियम माहीत आहे ना, मिसेस व्होपाट? एक आठवडा."

मग जो हशा उठला तो स्वयंपाकघरापर्यंत गेला. वर्नन तर टेबल बडवत होता. "मथळा द्या हिला, मथळा," तो म्हणत होता, आणि तो द्यायचा हक्क सगळ्या गावाला होता.

टॅव्हियन काउंटरवर जाऊन बसला. डोरीन सवयीने उलथनं उचलून त्याच्या मागे गेली आणि तिथेच थबकली. मारायला काही नव्हतं. दोन्ही हात मोकळे ठेवून तो मेनू बघत होता. मला वाटलं आता ही ताटली ठेवून वळणार. टॅव्हियनलाही तेच वाटलं असावं, त्याची मान खाली गेली.

डोरीनने उलथनं काउंटरवर ठेवलं आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. कामाच्या वेळी तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुझी आई येतेय का रे शनिवारी?"

त्याने मेनू खाली ठेवला. "आज फोन करतो."

"कर. आणि सांग तिला, माझ्या शेजारी बसायचं. बघते कोण काय बोलतं ते."

हे सगळं मी एका हाताने टाइप करते आहे. आज तिसरा दिवस. पोस्टातल्या बाईंनी दोनदा हात मारला, पाद्रीबुवांनी एकदा, आणि किराणा दुकानात ज्या माणसाशी मी सहा वर्षं बोलले नव्हते त्याने फटका मारून माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. उद्या पहिला सामना आहे. टॅव्हियनची आई सकाळी नऊला ओमाहाहून निघणार आहे.